लंडन डेअरीचा जावई

मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय आसावरी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तुझा कान धरते. तुझ्या होणाऱ्या सासरच्या गावाचं नाव तू फोनवर घाईघाईत सांगितलंस. मी ते तळमजल्यावरच्या मंदाकिनीबाईंना सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं, की चित्राताईंच्या भाचीचा नवरा लंडनच्या डेअरीत कामाला आहे. लंडनडेरी म्हटल्यावर आमच्या कानांना दुसरं काय ऐकू येणार? दोघीजणी अभिनंदनाला आल्या. एकीने विचारलं, "म्हशी आहेत की गाईच?" मी म्हटलं, "अहो, ते गावाचं नाव आहे. मुलगा पूल बांधणारा इंजिनिअर आहे." तर म्हणते कशी, "असू दे हो, दुधाचा धंदा काही वाईट नाही."

तुझे बाबा मात्र हवेत आहेत. गावाच्या नावातच लंडन आहे म्हटल्यावर दादाला आणखी काय हवं! कोलशेतच्या कंपनीत तो लागला तेव्हा वरचा साहेब खराखुरा गोरा होता, आणि त्या साहेबाची शिस्त आम्ही घरात आजन्म ऐकत आलो. आता भेटेल त्याला "आमचे ब्रिटिश जावई" सांगत सुटलाय. पत्रिकेत डेक्लनच्या नावाखाली 'लंडनडेरी, इंग्लंड' असं छापायला दिलंय.

फोनवर आपण दोघी एकमेकींच्या बोलण्यावर बोलतो आणि शेवटी कोणाचंच कोणाला कळत नाही, म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच दे. वहिनी असती तर हे सगळं तिने केलं असतं. आता सीमांतपूजनाला विहिणीचे पाय धुवायचे, ओटी भरायची, ते माझ्याकडे आलंय. तर डेक्लनच्या आईला काय चालतं, काय नाही, ते नीट कळव. बिचारी एवढ्या लांबून येणार. आपल्या दारात तिला काही टोचायला नको.

तुझी,
आत्या

डेरी
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

डेअरी! डेक्लनला समजावून सांगितलं तर तो हसतच सुटला. आता ऑफिसला निघताना हंबरून दाखवतो.

पण अगं, पत्रिकेतलं 'इंग्लंड' आधी काढायला लाव. प्लीज, हे पत्र मिळेल त्या दिवशी. तो इंग्रज नाहीये. इंग्लंड समुद्राच्या पलीकडे राहिलं, हे उत्तर आयर्लंड आहे. आणि गावाचं नाव नुसतं 'डेरी' छाप, लंडन नको. इथे काही जण डेरी म्हणतात, काही लंडनडेरी, आणि कोण काय म्हणतो त्यावरून तो कुठल्या घरातला हे समोरच्याला लगेच कळतं. आपल्याकडे आडनाव विचारून लोक पुढचं सगळं ताडतात ना, तसंच.

मग तो ब्रिटिश का, असं बाबा विचारतील. गाव युनायटेड किंगडममध्ये येतं. डेक्लनचा पासपोर्ट आयरिश आहे. त्याचा शेजारी ब्रिटिश पासपोर्टवाला आहे. दोघे एकाच गल्लीत जन्मलेले. मला स्वतःला हे समजायला वर्ष गेलं, त्यामुळे पत्रात नको. भेटल्यावर सांगेन. तूर्त एवढंच कर: त्याला इंग्रज म्हणू नका, आणि बाबांना म्हणावं, इंग्लंडचे झेंडेबिंडे लावायचे नाहीत. तेवढं जमलं तरी पुष्कळ.

मॉयरा, म्हणजे डेक्लनची आई, साध्या आहेत. चहा कडक लागतो, तिखट अजिबात नको. बोलतात कमी. यायला तयारच नव्हत्या, आयुष्यात पहिल्यांदा एवढा प्रवास करणार आहेत. डेक्लनला वडील नाहीत, जे काही आहे ते आईच. त्या आनंदाने परत गेल्या पाहिजेत आत्या, एवढी एकच काळजी आहे मला. बाकी जेवणात मीठ नसलं तरी चालेल.

तुझी,
आसावरी

मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आसावरी,

पत्रिका दुरुस्त झाली. 'डेरी, उत्तर आयर्लंड.' दादा नाराज झाला, म्हणाला, "आयर्लंड म्हटलं की लोकांना बॉम्बच आठवतात." मी त्याला गप्प केला.

अगं, सातवीला पंचवीस वर्षं भूगोल शिकवला मी, आणि हे बेट दोन तासांत उरकायचे! लाजच वाटली. मग माळ्यावरचा जुना नकाशासंग्रह काढला आणि नातवाकडून इंटरनेटवरही बघून घेतलं. तर इंग्लंड निराळं, ग्रेट ब्रिटन निराळं, युनायटेड किंगडम त्याहून निराळं. इंग्लंडचा झेंडा म्हणजे पांढऱ्यावर नुसता लाल क्रॉस. आपण ज्याला इंग्रजांचा झेंडा म्हणतो, तो त्यांचा एकट्यांचा नाहीच मुळी. त्यात स्कॉटलंडची निळी जमीन आहे आणि आयर्लंडचा तिरका लाल पट्टासुद्धा आहे! वेल्सवाल्यांच्या वाट्याला मात्र काही नाही, बिचारे. दादाला बसवून सगळं समजावलं. तोही म्हणाला, "म्हणजे साहेबाने सगळ्यांना सांभाळून घेतलंय."

तेव्हा तू निर्धास्त ये. कोणाला वगळल्यासारखं वाटणार नाही अशी व्यवस्था केली आहे. मंदाकिनीबाईंची सून शिवानी संस्कारभारतीची रांगोळी काढते, तिला रंग सांगून ठेवलेत. बाकी गंमत आल्यावर बघ.

आत्या

मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व
९ फेब्रुवारी २०२५

आसावरी,

तुम्ही गेल्यापासून हे पत्र चार वेळा सुरू करून फाडलं. आज मात्र लिहिणार आहे, कारण तुला अजून कोणी धड सांगितलेलं नाही, आणि मला रात्री झोप नाही.

सीमांतपूजनाच्या वेळी तू वर खोलीत तयार होत होतीस. खाली हॉलच्या दारात शिवानीने दुपारभर बसून रांगोळी काढली होती. युनियन जॅक. हो, मीच सांगितलेला. पूर्ण दाराएवढा, कडेला झेंडूच्या पाकळ्या. लोक येऊन फोटो काढत होते. दादा तर त्याच्या बाजूला पहारेकऱ्यासारखा उभा होता, कोणाचा पाय लागू नये म्हणून.

वऱ्हाड आलं. डेक्लन मागे मित्रांच्या घोळक्यात होता, पुढे मॉयराबाई. तुझी जांभळी पैठणी नेसलेल्या, काय सुंदर दिसत होत्या! दारात आल्या आणि थांबल्या. रांगोळीकडे बघत राहिल्या. चेहरा पांढराफटक. दादा मला हळूच म्हणाला, "बघ, देशाचा झेंडा बघून भरून आलं त्यांना." मग बाई वाकल्या आणि पायातल्या सँडल काढून ठेवल्या. दादाचा ऊर भरून आला. "बघा, बघा! झेंड्यापुढे चपला काढल्या! याला म्हणतात देशप्रेम!" असं मोठ्याने म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

आणि बाई त्या रांगोळीवर चढल्या.

चुकून नव्हे गं. मधोमध गेल्या. एकेक पाऊल घासत, सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत. टाळ्या विरल्या. कोणाच्या तरी हातातलं ताट खणकन पडलं. शिवानी रडायलाच लागली. स्वतःच्या देशाचा झेंडा, लेकाच्या लग्नात, आमच्या दारात पायदळी तुडवणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती! डेक्लन धावत आला, त्याने एकदा खाली बघितलं, एकदा आईकडे, आणि तोही मटकन खुर्चीवर बसला.

मला काय सुचावं? पुढे पाय धुवायचे होते, परात भरून ठेवली होती. मी त्यांना पाटावर बसवलं आणि पाय धुतले. तळवे लाल-निळे झालेले. पाण्यात रंग उतरत होता आणि त्या बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून हुंदके देत होत्या. मला वाटलं, पश्चात्ताप झाला असेल.

दादाने दुसऱ्या दिवशी कन्यादान केलं ते तुझ्याकडे बघून. मॉयराबाईंशी एक अक्षर बोलला नाही. आता रोज म्हणतो, "घरी बोलावलं, तर माझ्या तोंडावर थुंकली ती बाई." तुझे फोन तो का घेत नाही, ते कळलं ना आता? त्यांना पत्र लिहून जाब विचारणार म्हणतोय. कागद काढून इंग्रजीत लिहायला बसलाय.

खरं काय ते मला सांग. मी काय चुकले?

आत्या

डेरी
२२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

पत्राने पोचायला वेळ लागेल म्हणून हे ई-मेलवर पाठवतेय. प्रिंट काढून वाच, आणि वाचून झाल्याबरोबर कोलशेतला बाबांकडे जा. बाबांना ते पत्र पाठवू देऊ नकोस. काहीही कर, पण पाठवू देऊ नकोस.

तू काहीच चुकली नाहीस. चुकले मी.

मॉयराला एक मोठा भाऊ होता. कोलम त्याचं नाव. बहात्तर साली, इथे रोज दंगली चालू असताना, तो आईने सांगितलेला पाव आणायला गेला आणि एका ब्रिटिश सैनिकाची गोळी लागून रस्त्यात पडला. पंधरा वर्षांचा होता. मॉयरा अकराची. ती खिडकीत उभी होती. त्या सैनिकांच्या गाड्यांवर जो झेंडा होता, तोच तू काढायला सांगितलास. कोणाला शिक्षा झाली नाही. इथे आजही काही गल्ल्यांमध्ये फुटपाथच्या कडा त्या झेंड्याच्या रंगाने रंगवलेल्या असतात, आणि मॉयरा त्या गल्ल्यांमधून जात नाहीत. लांबचा वळसा घेतात. भर पावसातसुद्धा.

मला हे सगळं माहीत होतं. पहिल्या वर्षापासून. तुला सांगितलं नाही कारण तू बाबांना सांगितलं असतंस. आणि बाबा काय म्हणाले असते, ते तुलाही माहीत आहे. टीव्हीवर कुठेही गोळीबार दिसला की त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "उगाच कोणाला गोळी लागत नाही, काहीतरी केलं असेल." ते वाक्य कोलमबद्दल ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून 'घराणं साधं आहे' एवढंच सांगितलं. तुझ्या नोव्हेंबरच्या पत्रात झेंड्याचं वाचलं, तेव्हा वाटलं, आत्याचा भूगोलाचा तास चाललाय. मी हसले आणि पत्र ठेवून दिलं. मी तुला 'इंग्लंडचा झेंडा नको' असं लिहिलं होतं. कुठलाच नको, एवढं लिहायला काय झालं होतं मला?

आता पुढचं ऐक. याने मी जास्त हादरले आहे.

परतीच्या विमानात मॉयरा माझ्याजवळ बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तू घरी सांगितलं होतंस, हो ना? कोलमचं?" मला काही कळेना; लग्नात विघ्न नको म्हणून डेक्लननेही मला काही सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आधी दारात बघितलं तेव्हा श्वासच थांबला. मग सगळे टाळ्या वाजवायला लागले, तुझे वडील सर्वांत जोरात. तेव्हा कळलं. तो चालून जाण्यासाठीच होता. आणि पलीकडे पोचल्यावर त्या बाईने माझे पाय धुतले. पन्नास वर्षांत माझ्यासाठी असं कोणी केलं नाही."

आत्या, त्यांना वाटतंय आपण मुद्दाम केलं! त्यांना वाटतंय हा आपला एक विधी आहे, आणि कोलमसाठी आपण तो केला. मी त्यांना खरं सांगितलं नाही. तू पाय धुतानाचा फोटो त्यांनी घरात फ्रेम करून लावलाय, कोलमच्या फोटोशेजारी. शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात. बाबा गप्प होते ते लेक सासरी जाणार म्हणून, असंही त्यांनी स्वतःच ठरवून टाकलंय.

बाबांचं पत्र आलं तर हे सगळं जाईल. तू जा गं आत्ता.

आसावरी

मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व
२ मार्च २०२५

आसावरी,

गेले. नातवाने प्रिंट काल आणून दिली, ती वाचून तशीच गेले, चहासुद्धा न घेता. उशीर झाला होता. दादाने पत्र गुरुवारीच कुरियरने धाडलेलं. पावती टेबलावर पेपरवेटखाली नीट ठेवलेली.

मी त्याला तुझी प्रिंट वाचायला दिली. वाचता वाचता तो उभा राहिला. पुन्हा बसला. म्हणाला, "पाव आणायला?" मी म्हटलं, "हो." मग म्हणाला, "चित्रे, मी टाळ्या वाजवल्या गं." आणि तोंड झाकून घेतलं. वहिनी गेली तेव्हाही मी त्याला असा पाहिला नव्हता.

कुरियरवाल्याला फोन केले. पत्र मुंबईतून निघून गेलेलं. दादाला काय लिहिलंय विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. नक्कल दाखवायलाही तयार नाही.

मला तुझा राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही. मी तुला स्पष्ट विचारलं होतं, बाईंना काय टोचेल ते सांग म्हणून. तू चहा कडक लागतो हे सांगितलंस! दादाच्या एका वाक्याला घाबरून तू एक मेलेला मुलगा लपवलास. दादाला बोलू द्यायचं होतं ते. मी होते ना त्याच्याशी भांडायला. तू आम्हाला तेवढंही ओळखलं नाहीस, याचं मला फार वाईट वाटलं.

पण त्याहून वाईट त्या पोराचं वाटतंय. कोलम. अगं, आमच्या तांदळाच्या डब्यात वाडा कोलमच असतो. संध्याकाळी भात टाकायला डब्यात हात घातला आणि तसाच राहिला. तुझे काका विचारत होते, काय झालं म्हणून.

आता एकच सांगते, आणि हेही नातवाकडून ई-मेलनेच पाठवते. पत्र पोचायच्या आधी तू त्यांच्याकडे जा आणि सगळं खरं सांग. आमची बाजू सांभाळू नकोस. माझ्या नावावर नसलेलं पुण्य मला नको. फोटो उतरवायचा तर उतरवू देत.

आत्या

डेरी
१६ मार्च २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी निघतच होते. कोट घातला होता. दारात मॉयरा उभ्या. हातात बाबांचा लिफाफा. त्यावर बाबांच्या वळणदार अक्षरात 'लंडनडेरी' असं लिहिलेलं.

आत येऊन बसल्या. कोट काढला नाही. पत्रातलं एक वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं: "आम्ही आपल्या राष्ट्रध्वजाचा सन्मान केला आणि आपण तो आमच्या दारात तुडवलात." मग कागद घडी करून टेबलावर ठेवला.

"म्हणजे त्यांना माहीत नव्हतं."

"नाही."

"कोणालाच?"

"मी सांगितलं नव्हतं."

त्यांनी 'का?' असं विचारलं नाही. तरी मी सांगितलं. बाबांचं ते वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगितलं. त्या ऐकत होत्या, खिडकीकडे बघत. मला वाटलं, उठून जातील. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"मग त्या बाईने माझे पाय कशाला धुतले?"

"मुलाची आई म्हणून. आमच्यात धुतात. कोणीही असती तरी धुतले असते."

"मी त्यांची रांगोळी मोडली, हे तिने बघितलं होतं?"

"तिच्यासमोरच मोडलीत तुम्ही."

"तरी?"

"तरी."

बराच वेळ त्या बोटांनी टेबल पुसत राहिल्या, तिथे काही नसताना. मग म्हणाल्या, "तिला लिही, तो फोटो मी उतरवणार नाही." मी रडायला लागले तर म्हणाल्या, "थांब. तिला माहीत नव्हतं. तुझ्या वडलांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं, आसावरी."

आत्या, मला कोणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मग म्हणाल्या, "वडलांना फोन लाव." मी लावला. बाबांनी इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा उचलला, आणि उचलताच म्हणाले, "त्या आहेत का तिथे? त्यांना दे." मी स्पीकर लावला. बाबांनी काहीतरी तयार करून ठेवलं असणार, ऑफिसच्या इंग्रजीत दोन वाक्यं बोलले, माफीची, आणि अडकले. मॉयरा मध्येच म्हणाल्या, "तो दगड मारत नव्हता, मिस्टर सुधीर. आणि मारत असता, तरी तो पंधरा वर्षांचा होता."

मग बाबा म्हणाले, "मॅडम, त्याचं नाव पुन्हा सांगता? मला नीट म्हणायचंय." त्यांनी सांगितलं. बाबांनी म्हटलं. त्यांनी दुरुस्त केलं. बाबांनी पुन्हा म्हटलं. असं चालू होतं, आणि मी चहाचं भांडं हातात घेऊन उभी होते.

आता रविवारी दोघे फोनवर बोलतात. काय बोलतात मला माहीत नाही, डेक्लन सांगतो तेवढंच कळतं. बाबा म्हणे त्यांना विचारत होते, डेक्लनला कोणी ब्रिटिश म्हटलं तर आपण काय उत्तर द्यायचं. त्या म्हणाल्या, ज्याचं त्यालाच विचारावं, आपण ठरवू नये.

माझ्याशी मात्र त्या दिवसापासून त्या बोललेल्या नाहीत. तुम्ही सगळे अजाणतेपणी वागलात आणि सुटलात. मी जाणूनबुजून गप्प राहिले. डेक्लन म्हणतो, वेळ दे. मला ते पटत नाही, वेळ देऊन देऊनच हे झालं. उद्या न बोलावता जाणार आहे त्यांच्याकडे. आत घेतलं नाही, तर दारात उभी राहीन.

तुझी,
आसावरी